बॉनेटवरचा डबा

सकाळची मुक्कामी गाडी बार्शीच्या स्टँडात वळते तेव्हा ड्रायव्हरच्या शेजारी, इंजिनाच्या बॉनेटवर, चार-पाच डबे एकमेकांना टेकून बसलेले असतात. एखादा स्टीलचा, एखादा रंगीत पिशवीतला, एखादा फडक्यात बांधून वर दुहेरी गाठ मारलेला. बॉनेट तापलेलं असतं, त्यामुळे चार वाजता थापलेली भाकरी शहरात पोचेपर्यंत कोमट राहते. पूर्वी असे वीस-पंचवीस डबे असायचे. आता मेस निघाल्या, पोरं मोटरसायकलवरून ये-जा करू लागली. डबे कमी झाले, पण अजून अगदी बंद झालेले नाहीत.

गेल्या पावसाळ्यात, कॉलेज सुरू होऊन आठवडाही झाला नसेल, एक मुलगा या गाडीची वाट पाहत उभा होता. गाडी थांबली, ड्रायव्हरने खिडकीतून डबा खाली दिला आणि मुलाने तो घेतला तो अशा बेताने, की जणू डबा दुसऱ्याच कुणाचा आहे आणि आपण नुसता धरलाय. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, डबा सॅकमध्ये कोंबला, चेन ओढली, आणि मगच तो ताठ उभा राहिला.

फलाटाच्या दुसऱ्या टोकाला चहा घेत पेपर वाचणाऱ्या एका सरांनी हे पाहिलं. पेपर त्यांनी पुन्हा डोळ्यांसमोर धरला, पण मथळ्याच्या पुढे काही त्यांना जाता आलं नाही.

हे सर गावातल्या एका ज्युनिअर कॉलेजात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतात. पन्नाशी ओलांडलेली, निवृत्ती दृष्टिपथात. त्यांची गोष्ट सांगताना मराठीची एक सोय कामी येते. या सरांना 'ते' म्हणायचं आणि १९८७ साली दहावी होऊन सोलापूरला शिकायला गेलेल्या पोराला 'तो' म्हणायचं. माणूस एकच. कधीतरी, कुठल्यातरी दिवशी, लोक त्याला 'तो' म्हणायचे थांबले आणि 'ते' म्हणू लागले. तो दिवस नेमका कोणता, हे कुणालाच सांगता येत नाही, सरांनाही नाही.

तर तो. वैरागपासून आत चार कोसांवरचं त्याचं गाव. दहावीला गावच्या शाळेत पहिला आला, त्यामुळे सायन्सला घालायचं हे घरात कुणी ठरवायची वेळच आली नाही. पहिली फुल पँट शिवली. शिंप्याने वाढत्या अंगाचा म्हणून पायाशी चार बोटं कापड आत दुमडून ठेवलं होतं. पुढं वर्षभर ती दुमड चालताना घोट्याला लागत राहिली. जायच्या आदल्या रात्री ओसरीवर सगळे जमले आणि उपदेशाचा पाऊस सुरू झाला. माणूस शिकायला बाहेर पडू लागला की गावात प्रत्येकाला त्याला काहीतरी सांगायचं असतं. वडील म्हणाले, पैसे चोरखिशात ठेव. चुलते म्हणाले, पहिल्या बाकावर बस. चुलत्यांची अकरावी जुनी. १९७५ साली दहा अधिक दोनचा नवा आकृतिबंध येण्याआधीची, म्हणजे मॅट्रिकची. 'आमची अकरावी म्हंजे तुमची बीए,' हे ते दर लग्नात सांगत आणि त्या रात्रीही त्यांनी सांगितलं. हेडमास्तर म्हणाले, इंग्रजी पेपर वाचत जा. शेजारचे आबा म्हणाले, शहरात कुणाच्या जिवावर जाऊ नको. आई चुलीपुढून एवढंच म्हणाली, 'गाडी बघून रस्ता वलांड.'

पुढच्या दोन वर्षांत यातला एकच सल्ला त्याने पाळला, तो आईचा.

डब्याची व्यवस्था चुलत्यांनी लावून दिली. दोन डबे घेतले, म्हणजे एक जाईल तेव्हा दुसरा येईल. झाकणावर पेंटरकडून पांढऱ्या ऑइलपेंटने नाव लिहून घेतलं, खाली 'अकरावी सायन्स, सोलापूर'. त्याच्याखाली एक लाल टिंब. ते टिंब आईसाठी होतं. गाडीतून परत आलेल्या दहा डब्यांत आपला कुठला, हे तिला नावावरून कळणार नव्हतं, टिंबावरून कळे. महाराष्ट्रात पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली, असं एसटीचा इतिहास सांगतो. त्या दिवसानंतर या गाड्यांनी माणसं किती नेली याचा हिशेब महामंडळाकडे असेल. भाकरी किती नेल्या, आणि त्या भाकरींवर किती पोरं इंजिनिअर, तलाठी, मास्तर झाली, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. डबा नेण्याचे कंडक्टर पैसे घेत नसे. सणाला त्याच्यासाठी आणि ड्रायव्हरसाठी दोन पुरणपोळ्या वेगळ्या फडक्यात बांधून येत, एवढाच काय तो व्यवहार.

डब्यात तीन भाकरी, कोरड्यास, शेंगाची चटणी, कांदा. शनिवारी धपाटे. रिकामा डबा धुऊन संध्याकाळच्या गाडीने परत जाई आणि त्यात एक चिठ्ठी असे. 'जर्नलला पैसे लागतील.' 'खोबरेल तेल संपलं.' 'उद्या डबा नको, मित्राकडे जेवण.' आईला वाचता येत नसे, धाकटी बहीण मोठ्याने वाचून दाखवी. दोन वर्षांत त्याने अशा दीड-दोनशे चिठ्ठ्या पाठवल्या असतील. सर आता त्या आठवायला बसतात तेव्हा प्रत्येक चिठ्ठीत काहीतरी मागितलेलं किंवा नाकारलेलं असतं. तिसऱ्या प्रकारची चिठ्ठी काही केल्या आठवत नाही.

खोलीवर तिघं होते. बाकीचे दोघं तालुक्याच्या गावचे, खाणावळ लावलेले. त्यांच्यासमोर तो डबा उघडत नसे. स्टँडवरून डबा घ्यायचा, सिद्धेश्वर तळ्याच्या बाजूने चालत यायचं आणि वाटेत कुठेतरी सावलीत बसून खाऊन टाकायचं, असा त्याने परिपाठ ठेवला. भाकरीची लाज वाटण्यासारखं सोलापुरात खरं तर काही नव्हतं. हे शहर ज्वारीवरच जगतं, तिथल्या कडक भाकरीची आणि शेंगाच्या चटणीची ख्याती पार पुण्या-मुंबईपर्यंत. पण लाज ज्वारीची नव्हतीच. फडक्याची होती, गाठीची होती, त्या लाल टिंबाची होती.

आणि त्याहून मोठी लाज वर्गात बसलेली होती.

मराठी माध्यमातून दहावी करून सायन्सला गेलेल्या कुणालाही हे सांगावं लागणार नाही. मे महिन्यापर्यंत विज्ञान मराठीत असतं. पावसाळ्यात कॉलेज सुरू होतं आणि तेच विज्ञान इंग्रजीत गेलेलं असतं. मधल्या सुट्टीत त्याला कुणी सांगितलेलं नसतं, की बाबा रे, सामान तेच आहे, नुसत्या पाट्या बदलल्यात. त्याच्यापाशी शब्दांचा भरलेला कणगा होता: जडत्व, संवेग, त्वरण, वक्रीभवन, संयुजा, उत्प्रेरक, क्षपण, तंतुकणिका. न्यूटनचे तिन्ही नियम तो झोपेत म्हणून दाखवी. आणि पहिल्याच आठवड्यात तिथल्या सरांनी बोट करून त्याला उभं केलं आणि विचारलं, 'व्हॉट इज इनर्शिया?'

तो उभा राहिला. शंभरावर पोरं. पंख्याचा आवाज. 'इनर्शिया' हा शब्द त्याने आयुष्यात ऐकलेला नव्हता. 'सिट डाउन,' सर म्हणाले. आवाजात राग नव्हता, कंटाळा होता. रागावले असते तर बरं झालं असतं, असं त्याला पुढे कितीतरी दिवस वाटत राहिलं.

त्या दिवसापासून त्याने विज्ञानातलं आपल्याला काही येतच नाही, असं धरून चालायला सुरुवात केली. शब्दांचे अर्थ तो अंदाजाने लावी. 'मोमेंटम' आला तेव्हा त्याने 'मोमेंट'वरून जाऊन वहीच्या समासात लिहिलं: 'क्षणाचे काहीतरी.' रसायनशास्त्रात 'रिडक्शन' म्हणजे काहीतरी कमी होणं, असं समजून त्याने तीन आठवडे समीकरणांत काय कमी झालं ते शोधलं. संवेग आणि क्षपण ही त्याची जुनी ओळखीची माणसं, पण इंग्रजी सुटाबुटात आली म्हणून त्याने त्यांना ओळखच दिली नाही. मग तास चुकवायला लागला. भुईकोट किल्ल्याच्या तटावर बसायचं, गिरणीचा भोंगा झाला की उठायचं. डब्यातून चिठ्ठी जायची: 'अभ्यास चांगला चालला आहे, गाईड घ्यायला पैसे पाठवा.'

इथे थोडं आडवळण घ्यायला हरकत नाही, कारण ज्या शब्दांची त्या पोराला लाज वाटत होती, त्यांचं कुळ काही ऐरंगैरं नव्हतं. १८३२ साली 'दर्पण' सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर मराठी वृत्तपत्राचे जनक म्हणून सगळ्यांना ठाऊक आहेत; पण त्यांनी कलनशास्त्रावर मराठीत पुस्तक लिहिलं आणि त्याला 'शून्यलब्धि' असं देखणं नाव दिलं, हे गणिताच्या मास्तरांनाही सांगावं लागतं. गणिती आणि ज्योतिषी केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना, यांनी शाळेच्या पोरांसाठी पदार्थविज्ञानावर मराठी पुस्तक केलं. हेच केरूनाना डेक्कन कॉलेजात टिळकांचे गणिताचे प्राध्यापक. म्हणजे शिकवायचं इंग्रजीत, कारण १८५७ पासून मुंबई विद्यापीठाचा तोच शिरस्ता, आणि घरी येऊन लिहायचं मराठीत. पुढे महाराष्ट्र राज्य झालं, १९६० मध्ये भाषा संचालनालय निघालं, त्याने परिभाषा कोश काढले. १९६७ मध्ये बालभारती आली. कुणीतरी टेबलावर बसून 'ऑक्सिडेशन'ला 'ऑक्सिडीकरण' चालेल पण 'रिडक्शन'ला 'क्षपण'च हवं, असा वाद घातला असेल. एवढं करून शब्द तयार झाले, पोरांनी घोकले, आणि अकरावीच्या उंबऱ्यावर चपला काढाव्यात तसे बाहेर काढून ठेवले. उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना माणसं चांगलीच होती. उंबऱ्यावर मात्र कुणी उभं नव्हतं.

उभा राहिला तो एक मुलगा, सोलापूरच्या पूर्व भागातला. पूर्व भाग म्हणजे विणकरांची वस्ती, घराघरांत मागाचा खडखडाट आणि बोली तेलुगू. याचं घर तेलुगू, शाळा मराठी, आणि गल्लीत क्रिकेट खेळायचं तर दखनी. दिवाळीची सुट्टी जवळ आली होती. फळ्यावर काहीतरी चाललं होतं, त्यात पुन्हा तो शब्द आला. हा पोरगा मधल्या रांगेतून उठला आणि म्हणाला, 'सर, इनर्शिया म्हंजे काय ओ?'

सरांनी वळून पाहिलं. 'अरे, जडत्व.'

'हां, जडत्व,' म्हणून तो खाली बसला.

वर्गात एक आवाज झाला. हसण्याचा नव्हे, श्वास सोडल्याचा. पन्नास-साठ जणांनी एकदम सोडलेला श्वास. वैरागकडचा तो पोरगा शेवटून दुसऱ्या बाकावर बसला होता. आपण एकटेच आहोत, असं धरून त्याने अख्खं सत्र घालवलं होतं आणि त्याच्या पुढच्या बाकावरचे दोघं, शेजारचा एक, खिडकीकडची ती चष्मेवाली मुलगी, सगळेच 'जडत्व' असं पुटपुटत वहीत लिहीत होते.

तास सुटल्यावर त्याने त्या पूर्व भागवाल्याला गाठलं. तुला भीती नाही वाटली विचारायला? 'भीती कशाची?' तो म्हणाला. 'पहिलीत बाईंनी चित्र दाखवलं, हे काय म्हणून. आमच्यात त्याला बातू म्हणतात. मी म्हटलं बातू. सगळे हसले. मग विचारलं, तुमच्यात काय म्हणतात? बाई म्हणाल्या, बदक. संपलं की. आता परत पहिली, दुसरं काय?' आणि मग त्याच्या हातातल्या फडक्याकडे बघून, 'डब्यात काय आणलास?'

त्या दिवशी डबा पहिल्यांदा कॉलेजच्या आवारात उघडला. फडकं पायऱ्यांवर पसरलं. शेंगाची चटणी पाहून पूर्व भागवाल्याने आपल्या डब्यातला भात बाजूला सारला. लाल टिंबावर बोट ठेवून त्याने विचारलं, हे काय? आणि पोराने ते सांगितलं. ऐकून तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, 'आमच्या आईचं पण सेम. ती बसचा नंबर ध्यानात ठेवत नाही, रंग ठेवते.'

पुढे दोघांनी मिळून एक वही केली. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी. परिभाषा कोश कॉलेजच्या वाचनालयात होता, कपाटाच्या खालच्या कप्प्यात, आणि त्याची पानं एकमेकांना चिकटलेली होती, याचा अर्थ तो आजवर कुणी उघडलेला नव्हता. बारावीला दोघांना फार उजेड पाडता आला नाही. मेडिकलची यादी लागली तेव्हा ते दोघंही यादीत नव्हते. पण एक जण पुढे कोल्हापूरला जाऊन एम.एस्सी. झाला आणि दुसऱ्याने टॉवेलचा कारखाना काढला. दर संक्रांतीला, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत, दोघांची अजून भेट ठरलेली असते.

आता या सगळ्याला निमित्त काय झालं, ते सांगायला हवं. कॉलेजच्या वार्षिक अंकाच्या संपादक बाईंनी सरांना गळ घातली: 'सर, एक पत्र लिहा ना. अकरावीत पाऊल ठेवणाऱ्या स्वतःला.' कल्पना तशी नवी नाही, पण सरांना भुरळ पडली. रविवारी दुपारी ते पॅड घेऊन बसले. चि. अमुक यास अनेक उत्तम आशीर्वाद, असं लिहिलं, आणि पेन अडलं.

पहिलं वाक्य त्यांनी लिहिलं, 'पहिलं सत्र वाया घालवू नकोस.' आणि लगेच टिळक आठवले. टिळक डेक्कन कॉलेजात दाखल झाले तेव्हा प्रकृती तोळामासा. पहिलं वर्ष त्यांनी पुस्तकं मिटून व्यायामाला, पोहण्याला वाहिलं आणि परीक्षेत सपशेल नापास झाले. पुढे गणित घेऊन पहिल्या वर्गात बी.ए. झाले तो भाग वेगळा. त्या वर्षी कमावलेलं शरीर तुरुंगात उपयोगी पडलं, असं चरित्रकार आवर्जून सांगतात. कॉलेजातल्या त्या टिळकांना कुणी शहाण्याने पत्र लिहून 'वर्ष वाया घालवू नकोस' असं सांगितलं असतं तर? अर्थात प्रत्येक नापास पोरगा टिळक नसतो, हे सर तीस वर्षं पालकसभेत सांगत आलेत. तरी त्यांनी ते वाक्य खोडलं.

मग लिहिलं, 'नकाराने खचू नकोस.' यावर धोंडो केशव कर्वे आठवले. १८७५ साली मुरुडहून साताऱ्याला परीक्षा द्यायला पायी निघाले, भर पावसात, सह्याद्री चढून, शंभर मैलांहून जास्त. पोचल्यावर साहेबाने पाहिलं आणि सतरा वर्षांचा हा दिसतच नाही म्हणून परीक्षेला बसू दिलं नाही. अंगाने किरकोळ, एवढाच गुन्हा. त्या संध्याकाळी साताऱ्यात त्या पोराला 'खचू नकोस' असं सांगणारा माणूस भेटला असता तर त्याने त्याला ओवाळलं असतं की दगड मारला असता? सरांनी हेही खोडलं.

'मित्र जपून कर,' असं तिसरं वाक्य. ते लिहितानाच त्यांना हसू आलं. मित्र जपून करायचे असते तर पूर्व भागवाला त्यांच्या यादीत बसला नसता. आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले, वसतिगृहात त्यांना नवल भथेना नावाचा पारशी मुलगा भेटला. तो स्नेह आयुष्यभर टिकला. १९२० साली अर्धवट राहिलेल्या शिक्षणासाठी पुन्हा लंडनला निघाले तेव्हा पैशाची जी जुळवाजुळव झाली, तीत या मित्राचेही उसने पैसे होते. खोलीत कोण भेटावं, हे कुठल्या सल्ल्याने ठरतं? खोडलं.

संध्याकाळपर्यंत पॅडवर खाडाखोडच उरली. एकच ओळ खोडायची राहिली होती: 'चिठ्ठीत कधीतरी, कोरड्यास चांगलं झालं होतं, असंही लिही.' ती त्यांनी खोडली नाही. पण अंकात छापायलाही दिली नाही.

संपादक बाईंना शेवटी त्यांनी पत्राऐवजी एक पानभर तक्ता दिला. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी. इनर्शिया, जडत्व. मोमेंटम, संवेग. रिडक्शन, क्षपण. बाई हिरमुसल्या. 'सर, हे पत्र नाही.' 'छापा तर खरं,' सर म्हणाले. 'पान उरलं तर खाली कोटणिसांचं चित्र टाका.'

कोटणीस का, ते बाईंच्या लक्षात आलं नाही. सोलापूरच्या माणसाला ते सांगावं लागत नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे, जन्म १९१० चा. १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. मुंबईत इंग्रजीत डॉक्टरकी शिकलेला हा माणूस तिथे पुन्हा पहिलीत बसला. चिनी शिकला, त्या भाषेत शिकवू लागला, विद्यार्थ्यांसाठी शस्त्रक्रियेचं पाठ्यपुस्तक लिहायला घेतलं आणि ते हातावेगळं होण्याआधी, ९ डिसेंबर १९४२ रोजी, बत्तिसाव्या वर्षी गेला. व्ही. शांतारामांनी त्यांच्यावर १९४६ मध्ये सिनेमा काढला, त्यामुळे नाव राहिलं. सरांना मात्र त्यांच्या मरणापेक्षा त्यांचा तिथला पहिला महिना डोळ्यांपुढे येतो. समोर जखमी सैनिक, हातात चाकू, आणि 'दुखतंय का?' याला काय म्हणतात ते माहीत नाही. कुणाला तरी विचारलंच असणार.

तक्ता छापून आला. आणि मग असं काही घडलं, जे सरांनी धरलं नव्हतं.

मधल्या काळात शाळा बदलल्या होत्या. मराठी शाळांतच सेमी इंग्रजीचे वर्ग निघाले. गणित-विज्ञान पाचवीपासून, कुठे पहिलीपासूनच इंग्रजीत. उंबरा सरकला. आता अकरावीला येणाऱ्या कित्येक पोरांना इनर्शिया पाठ असतो. कोचिंगवाल्यांनी त्याची गाणीसुद्धा केलेली असतात. सर दर वर्षी पहिल्या तासाला फळ्यावर दोन रकाने आखतात ते आता निम्म्या वर्गासाठीच. बाकीचे मोबाईलमध्ये बघू म्हणतात. गंमत अशी, की खिशात अख्खा कोश असूनही वर्गातली ती शांतता कमी झालेली नाही. प्रश्न विचारला की आजही शंभर माना खाली जातात, फक्त आता त्यांतल्या वीस बाकाखालच्या उजेडाकडे बघत असतात.

त्या दिवशी, म्हणजे स्टँडवर डबा सॅकेत कोंबणारा मुलगा दिसला त्याच सकाळी, पहिला तास अकरावीचा होता. सर वर्गात शिरले तर तो मुलगा चौथ्या बाकावर. हजेरी झाली. फळ्यावर रकाने झाले. वार्षिक अंक हातात घेऊन पुढच्या बाकावरची एक मुलगी उठली. तालुक्याच्याच शाळेतली, सेमी इंग्रजीची.

'सर, हे जडत्व म्हणजे काय?'

'तुला इनर्शिया माहीत आहे ना?'

'ते माहितीये. व्याख्या येते. पण काल आजीने विचारलं, काय शिकवलं आज? मी म्हटलं इनर्शिया. ती म्हणाली, आपल्यात काय म्हणतात? मला सांगता आलं नाही. मग अंकात हा शब्द मिळाला, पण तो तरी आजीला कसा कळणार? तिला कसं सांगू?'

सरांनी खडू खाली ठेवला. चाळीस वर्षांपूर्वीच्या पुस्तकातलं उदाहरण त्यांनी जसंच्या तसं काढलं, कारण त्याहून चांगलं उदाहरण अजून कुणाला सापडलेलं नाही. एसटी चाललीय. आत उभी माणसं. समोर म्हैस आडवी येते, ड्रायव्हर कचकन ब्रेक मारतो. गाडी थांबते. माणसं?

'पुढं जातात,' दोघं-तिघं म्हणाले.

'का?'

वर्ग गप्प. माना खाली. पंख्याचा आवाज.

'सर,' चौथ्या बाकावरून आवाज आला. तो मुलगा उभा राहिला नव्हता, बसल्या बसल्याच बोलला, अर्धा स्वतःशी. 'बॉनेटवरचा डबा बी सरकतो पुढं. काचंला जाऊन आदळतो.'

दोन-चार जण मागे वळले. कुणीतरी फिदीफिदी हसलं. मागच्या रांगेतून एकाने विचारलं, 'कुणाचा रे डबा?'

सरांनी खडू उचलला, पण ते फळ्याकडे वळले नाहीत.